आदिलशाहीच्या अभ्यासाकडे: नव्या वाचकांसाठी प्रस्तावना

१६३६ ते १६५७ अशी सुमारे एकवीस वर्षे ठाणे खाडीच्या पूर्वेचा मुलूख विजापूरच्या आदिलशहाकडे होता. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ही आजची उपनगरे त्याच मुलखात वसली आहेत. शहाजहान आणि महंमद आदिलशहा यांनी १६३६ च्या तहात बुडत्या निजामशाहीची वाटणी करून घेतली, तेव्हा कल्याण-भिवंडीसह उत्तर कोकणाची ही पट्टी विजापूरच्या वाट्याला आली. खाडीपलीकडे ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांची. घाटावर जुन्नरला मोगल. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी, आणि त्याने निजामशाही बुडताच विजापूरची चाकरी पत्करलेली. इतक्या सत्तांच्या सीमा एकमेकींना भिडलेल्या या टोकावर आदिलशहाचा सुभेदार बसे तो कल्याणला. हा सुभेदार मुल्ला अहमद, कोकणातल्या नवायत समाजाचा. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि ही सरहद्द मोडली.

हे पुस्तक त्या विजापूरच्या घराण्याविषयी आहे, आणि ते नवी मुंबईत बसून लिहावेसे वाटले याचे कारण ही सरहद्दच. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनींवर नियोजित शहर उभे राहिले. त्यामुळे या शहराचा इतिहास तिथूनच सुरू होतो असा एक समज रूढ आहे. मुले शाळेत शिवचरित्र वाचतात, कर्नाळ्याला आणि प्रबळगडाला सहलीला जातात. पण त्या गडांच्या पायथ्याचा मुलूख कोणाच्या दप्तरात नोंदला जात होता, तिथला सारा कोण ठरवत होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

मराठी वाचकाला आदिलशाही भेटते ती शिवचरित्राच्या पहिल्या काही प्रकरणांत. दरबार भरतो, विडा उचलला जातो, अफझलखान निघतो, प्रतापगडाखाली संपतो. त्यानंतर आदिलशाही हळूहळू पानांवरून नाहीशी होते आणि १२ सप्टेंबर १६८६ रोजी औरंगजेबाने विजापूर घेतले, या एका वाक्यात तिची इतिश्री होते. घराण्याचा काळ मात्र १४९० च्या सुमारापासून १६८६ पर्यंतचा, म्हणजे जवळजवळ दोन शतकांचा आहे. या दोन शतकांत वाई, कराड, पन्हाळा, सोलापूर, दाभोळ, फोंडा अशा मराठी मुलखाच्या मोठ्या भागात न्यायनिवाडे झाले, वतने दिली-घेतली गेली, मशिदी आणि तलाव बांधले गेले, देवस्थानांना इनामे मिळाली. या सगळ्याचा कागद झाला, आणि त्या कागदाचा मोठा भाग मराठीत आहे. माझे म्हणणे एवढेच की मराठी वाचक या विषयाच्या दारात परका म्हणून उभा नाही. या घराण्याच्या दप्तराची अर्धी भाषा त्याची आहे, आणि म्हणून हा विषय शिकण्याचा त्याचा हक्कही मोठा आहे.

आता घराण्याच्या मुळाकडे. पंधराव्या शतकात पूर्व अनातोलिया, अझरबैजान आणि पश्चिम इराण या पट्ट्यात तुर्कमान टोळ्यांची राज्ये होती. त्यांतली दोन मोठी: काळ्या मेंढ्यांवाले कारा कोयुनलू आणि पांढऱ्या मेंढ्यांवाले आक कोयुनलू. पश्चिमेला उस्मानी तुर्क. त्यांचे घराणेही मुळात बायझंटाइन साम्राज्याच्या हद्दीवरचे एक लहानसे सरहद्दी संस्थान. बघता बघता ते वाढले आणि १४५३ मध्ये त्याने कॉन्स्टँटिनोपल घेतले. अशा सरहद्दीच्या जगात घराणी झपाट्याने उठत आणि तितक्याच झपाट्याने कोसळत. कोसळलेल्या घराण्यांतली माणसे नशीब काढायला निघत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची वाट दक्षिणेतल्या बहमनी राज्याकडे येई. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या या राज्याला उत्तरेत दिल्लीची भीती होती. खुष्कीच्या मार्गाने माणूस मिळणे त्यामुळे कठीण. मग दाभोळ, चौल आणि गोव्याच्या बंदरांतून इराणी, तुर्की, अरबी माणूस आणि घोडा आणला जाई. गीलानहून आलेला महमूद गावान याच वाटेने आला, बहमनी राज्याचा वजीर झाला, उस्मानी सुलतान दुसरा महंमद याच्याशी त्याने पत्रव्यवहार ठेवला, कोकणात खेळणा आणि पुढे गोवा जिंकले. १४८१ मध्ये दरबारी कारस्थानाला बळी पडून त्याचा शिरच्छेद झाला आणि बहमनी राज्य फुटू लागले. त्या फुटीतून जी पाच राज्ये निघाली, त्यांतल्या गोवळकोंड्याचा संस्थापक सुलतान कुली हा कारा कोयुनलूंच्या वंशातला होता. विजापूरचा युसुफ आदिलखान हाही तुर्क म्हणूनच ओळखला जाई.

युसुफ नेमका कोणाचा? विजापूर दरबारचा इतिहासकार महंमद कासिम फिरिश्ता सांगतो की तो उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा धाकटा मुलगा. थोरल्या भावाने गादीवर बसताच त्याला मारण्याचा हुकूम दिला, आईने दुसरे मूल पुढे करून त्याला वाचवले आणि एका व्यापाऱ्याबरोबर इराणातल्या सावा गावी धाडले. तिथून तो हिंदुस्थानात आला. त्याच दरबारातला दुसरा इतिहासकार रफीउद्दीन शिराजी वेगळी हकीकत देतो. त्याच्या मते युसुफ साव्याच्याच एका अधिकारी घराण्यातला होता. आधुनिक अभ्यासक फिरिश्ताची गोष्ट सहसा खरी धरत नाहीत, आणि मलाही ती खरी वाटत नाही. पण ती सोडून देण्यासारखी मुळीच नाही. फिरिश्ता लिहीत होता तो काळ सतराव्या शतकाच्या आरंभाचा. १६०० मध्ये अकबराच्या फौजांनी अहमदनगर घेतले, १६०१ मध्ये असीरगड पडला. १६०४ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपली मुलगी अकबराच्या दानियाल या मुलाला दिली आणि त्या लग्नाच्या पाठवणीला स्वतः फिरिश्ता गेला होता. तैमूरच्या वंशाचा अभिमान मिरवणारा शेजारी दाराशी आला असताना विजापूरच्या घराण्याला तोलामोलाची वंशावळ हवी होती. उस्मानी सुलतानाच्या मुलाची गोष्ट ती गरज भागवते. एखादा पुरावा ज्या काळाविषयी बोलतो त्यापेक्षा ज्या काळात तो लिहिला गेला त्याविषयी अधिक सांगतो, हे या अभ्यासात वारंवार अनुभवाला येते, आणि त्याची पहिली उत्तम ओळख या वंशकथेत होते.

वंश कुठलाही असो, घर मात्र दुसऱ्याच पिढीत इथले झाले. युसुफने मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केले. ती बुबूजी खानम. १५१० मध्ये युसुफ वारला तेव्हा तिचा मुलगा इस्माईल अजाण होता, आणि कारभारी कमालखान गादी बळकावायच्या बेतात होता. बुबूजीने एका विश्वासू माणसाकडून कमालखानाला संपवले. मग कमालखानाचा मुलगा सफदरखान फौज घेऊन राजवाड्यावर चालून आला. फिरिश्ताने या प्रसंगाचे जे वर्णन दिले आहे ते सावकाश वाचावे असे आहे. वाड्याची दारे बंद, आत मूठभर शिपाई, आणि तटावर चिलखत घालून, हातात धनुष्य घेऊन दोन स्त्रिया उभ्या: एक बुबूजी आणि दुसरी दिलशाद आगा, युसुफच्या हयातीत इराणहून आलेली, दुधाच्या नात्याने इस्माईलची आत्या. एक या मातीतली आई, एक दूर देशाहून आलेली आत्या, आणि मध्ये ज्याच्यासाठी लढायचे तो मुलगा. सफदरखान त्या झटापटीत मारला गेला आणि इस्माईलची गादी टिकली. आदिलशाहीवर भाषण द्यायची वेळ आली तर मी सनावळ्या बाजूला ठेवून याच तटापासून सुरुवात करीन, कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा सगळा ताण तिथे दिसतो.

तो ताण होता आफाकी आणि दखनी यांच्यातला. आफाकी म्हणजे बाहेरून आलेले इराणी-तुर्क सरदार. दखनी म्हणजे इथे रुजलेले मुसलमान आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे हबशी. इस्माईलने आफाकींची कड घेतली. इराणच्या सफवी शहाच्या शिपायांसारखी बारा टोकांची तांबडी टोपी आपल्या सैन्याला घालायला लावली. त्याचा मुलगा पहिला इब्राहिम १५३४ मध्ये आला आणि त्याने पट उलटा केला. पुष्कळ आफाकींना त्याने रजा दिली, शिया पंथाऐवजी सुन्नी पंथ दरबारी केला, आणि फिरिश्ता म्हणतो त्याप्रमाणे महसुलाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले. दप्तर देशी भाषेत आले, म्हणजे ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले. गावोगावच्या देशपांड्या-कुलकर्ण्यांच्या मराठीला सुलतानाच्या कचेरीत जागा मिळाली. मोठ्या लढायांपेक्षा हा निर्णय मला अधिक दूरगामी वाटतो. त्याचा परिणाम पुढे शिवकालीन आणि पेशवेकालीन कारभाराच्या भाषेत स्पष्ट दिसतो.

या दप्तराचा एक कागद कसा दिसतो ते जवळून पाहू. लांब, अरुंद कागद. वरच्या भागात शिक्का आणि फारसी मजकूर, नुक्ते पुष्कळदा गाळलेले, अक्षरे घाईने एकमेकांत गुंतलेली. त्याखाली तोच आशय मोडीत. मोडीचा लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरे लटकवत जातो. शब्दांत जागा सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. मायना बहुधा ठरलेला: कोणाच्या कचेरीतून, कोणत्या परगण्याच्या कारकुनांना आणि देशमुखांना. ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ असे शब्द दिसले की ओळखावे, आज जे कामावर आहेत आणि पुढे जे येतील त्या सर्वांना हा हुकूम आहे. मग वर्ष येते, तेही शुहूर सनाचे, आणि अरबी अंकशब्दांत. समजा लिहिले आहे ‘समान खमसैन अलफ’. समान म्हणजे आठ, खमसैन पन्नास, अलफ हजार: १०५८. या सनाचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. आपल्या उदाहरणातले वर्ष १६५७ च्या मृगापासून १६५८ च्या मृगापर्यंतचे. कल्याण पडले ते याच वर्षात. अरबी आकडे, सौर वर्ष आणि सुरुवात शेतकऱ्याच्या पेरणीच्या नक्षत्राला: वसूल पिकावर अवलंबून असणाऱ्या राज्याला चांद्र हिजरी सन सोयीचा नव्हता, आणि त्याने आपली सोय या रीतीने करून घेतली. हे गणित एकदा बोटांवर आले की शेकडो कागद आपापल्या जागी बसू लागतात. त्यातला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तो घेऊनच पाहावा लागतो.

हे कागद आपल्यापर्यंत पोचले ते काही माणसांच्या कष्टांमुळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळात ग. ह. खरे यांनी आयुष्यभर फारसी कागदांची वाचने केली. ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ ही त्यांची मालिका आजही या वाटेवरची पहिली पायरी आहे. मुंबईत पु. म. जोशी यांनी विजापूरच्या इतिहासाला वाहून घेतले आणि हारून खान शेरवानी यांच्यासह मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे दोन मोठे खंड संपादित केले. रिचर्ड ईटन यांचा विजापूरच्या सूफींवरचा ग्रंथ १९७८ चा. त्याने सुलतान आणि सरदार यांच्याबरोबर खानकाह, दळणाची ओवी आणि सामान्य बाई यांनाही इतिहासात आणले. नव्या वाचकाने खऱ्यांपासून सुरुवात करून ईटनपर्यंत यावे, असा माझा आग्रह आहे. आधी कागद, मग त्यावरचा विचार.

दुसऱ्या इब्राहिमविषयी इथे थोडक्यातच लिहितो, कारण पुस्तकात त्याच्यासाठी जागा राखली आहे. १५८० मध्ये लहानपणीच गादीवर आलेला हा सुलतान १६२७ पर्यंत राज्यावर होता. गाणे, चित्र आणि ग्रंथ यांचा त्याला अनावर नाद. दखनीत त्याने ‘किताब-ए-नवरस’ रचली, तिच्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन आहे. त्याच्या काही कागदांवर सरस्वतीपूजेचा उल्लेख असलेला मायना येतो आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याच्याकडे पाहून कोणी आदिलशाहीला सर्वधर्मसमभावाचे नंदनवन ठरवू नये, तसेच अफझलखानाकडे पाहून ती केवळ देवळे फोडणारी सत्ता होती असेही ठरवू नये. दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत, दोन्ही वाचावे लागतात, आणि प्रत्येक कागद कोणत्या साली, कोणाच्या कचेरीतून, कोणत्या तंट्यात निघाला हे विचारावे लागते.

आता या पुस्तकाच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे येतो. उस्मानी तुर्कांच्या उदयावर युरोपात आणि तुर्कस्तानात फार मोठा वाद झाला. पाउल विटेक यांनी १९३० च्या दशकात मांडले की सरहद्दीवरचे धर्मयोद्धे हीच त्या राज्याची शक्ती. पुढे अनेकांनी ते खोडले. जेमाल काफादार यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की सरहद्दीवर धर्म, लूट, सोयरीक आणि दोस्ती एकाच वेळी चालत. एकाच माणसाच्या आयुष्यात चारही सापडत. हा वाद वाचताना मला सतत मावळ आणि कोकण दिसत राहिले. आदिलशाहीची पश्चिम सरहद्द म्हणजे सह्याद्री. तिथे सुलतानाची फौज कायम ठेवणे परवडत नसे. घाट, खिंडी आणि गड राखायचे ते जावळीच्या मोऱ्यांनी, वाडीच्या सावंतांनी, मावळातल्या जेधे-बांदलांनी. सुलतान त्यांना फर्मान देई, ते सुलतानाला माणूस देत. ओढाताण दोन्हीकडून चाले. जून १६५९ मध्ये विजापूरहून कान्होजी जेध्यांना फर्मान आले: अफझलखानाला सामील व्हा. कान्होजी ते घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून त्यांच्या बाजूला उभे राहिले. सरहद्दीवरच्या देशमुखाचे मन कोणाकडे वळते यावर राज्याचे भवितव्य ठरत असे, हे या एका कागदावरून कळते.

उस्मानी राज्य जसे सेल्जुक सत्तेच्या सरहद्दीवर जन्मले, तसे स्वराज्य आदिलशाहीच्या सरहद्दीवर जन्मले, असे म्हणता येईल का? मला वाटते, येईल, पण जपून. शहाजीराजे १६३६ मध्ये माहुलीला शरण आले आणि विजापूरचे सरदार झाले. पुणे, सुपे ही जहागीर त्यांच्याकडे राहिली ती सुलतानाच्या मान्यतेने. महाराजांनी तिथली दप्तराची पद्धत, गडांची व्यवस्था आणि कारकुनांचा वर्ग हाताशी घेतला आणि त्यांतून पूर्ण वेगळ्या ध्येयाचे राज्य उभे केले. साधने जुनी आणि ध्येय नवे: हे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवले तरच त्या कामाची खरी उंची कळते. महाराजांना मोठे ठरवण्यासाठी आदिलशाहीला क्षुद्र ठरवण्याची काहीच गरज नाही. उलट तिचे बळ जितके नीट समजेल, तितका तो पराक्रम ठसठशीत दिसेल.

या विषयाची स्थळेही हाताशी आहेत. विजापूरला गोल घुमटाखाली उभे राहिल्यावर काय वाटते ते गेलेल्यांना माहीत आहे. त्याच शहराच्या तटावर मुलुखमैदान तोफ आहे, तीही जरूर पाहावी. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा महंमद रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला कारागीर. पुढे परांड्याहून ती विजापूरला आणली मुरार जगदेव या ब्राह्मण मुत्सद्द्याने. तुर्की हात, निजामशाही तांबे-कथील, मराठी बेरीज-वजाबाकी: एका तोफेत सगळा दख्खन ओतला आहे. नळदुर्गचा पाणीमहाल, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, दाभोळची खाडीकाठची मशीद, पणजीला मांडवीकाठचे जुने सचिवालय, ही सगळी आदिलशाही वास्तूंची माळ महाराष्ट्र-गोव्यात आहे आणि शनिवार-रविवारच्या सुटीत तिच्यातले एकेक ठिकाण सहज होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दख्खनी चित्रे आहेत. पावसाळ्यात पुस्तके वाचावीत आणि दिवाळीनंतर बाहेर पडावे.

आणि शिकावे काय? मोडी आधी. तिचे वर्ग पुण्या-मुंबईत नेहमी चालतात, आणि दोन-तीन महिन्यांच्या नेटाच्या सरावाने साधा कागद वाचता येतो. फारसीला वर्ष-दोन वर्षे द्यावी लागतील. ती तयारी ज्यांची असेल त्यांची या क्षेत्राला अतोनात गरज आहे, कारण मोडी आणि फारसी दोन्ही वाचणारी माणसे आज फार थोडी उरली आहेत, आणि दुभाषी फर्मानाचा एकच अर्धा वाचून काढलेले निष्कर्ष नेहमी लंगडे राहतात. वरच्या फारसीत जे सुलतानाच्या थाटात सांगितलेले असते, ते खालच्या मराठीत पुष्कळदा गावाच्या तपशिलासह येते: शेत कोणते, चतुःसीमा काय, भांडण कोणाशी. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा तरुण अभ्यासक या शहरातून निघावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इतिहासाची पदवी हवीच असे नाही. इंजिनिअर, शिक्षक, बँकेतली माणसे यांनी मराठी इतिहाससंशोधनात मोलाची भर घातलेली आहे.

शेवटी एक विनंती, विशेषतः कल्याण, पनवेल, उरण, पेण भागातल्या जुन्या घरांना. वाडा पाडताना किंवा वाटणी होताना माळ्यावर रुमालात बांधलेले कागद निघतात. ते रद्दीत देऊ नका, देव्हाऱ्यात हळदकुंकू लावून ठेवू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. प्लास्टिकच्या आत कागद कोंडतो आणि पुन्हा मोकळा करता येत नाही. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कागद सपाट ठेवून फोटो काढा, शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे मोजमाप कळेल. आणि मागची बाजूही घ्या. पुढच्या बाजूचा मजकूर सगळेच पाहतात. कागद कोणकोणत्या दप्तरांतून गेला त्याचे शेरे आणि लहान शिक्के मात्र बहुतेक वेळा पाठीवर असतात.

बेलापूर, नवी मुंबई